चेंडू बंद करू नका, चेंडू बदला

"ताई, आमच्या वाडीत आम्ही चेंडूच बंद करून टाकला." पोफळी परिसरातल्या एका बौद्धवाडीत मातांची बैठक चालू असताना एक तरुण आई आम्हाला म्हणाली. कारण विचारले तर एकेक जणी सांगू लागली. एकीच्या पडवीची कौले फुटली होती. एकीचा मुलगा चेंडूमागे पळत थेट पऱ्ह्याच्या काठावर गेला होता. तिसरीच्या दीड वर्षाच्या मुलीने पाच रुपयांचा रबरी चेंडू तोंडात घातला होता, नशिबाने तो वेळेत बाहेर पडला. तेव्हापासून वाडीत चेंडू दिसला की मोठी माणसे काढून घेतात. मग मुले काय करतात? ओटीवर बसून मोबाईल बघतात. कोपऱ्यात बसलेली आजी म्हणाली, "पोर गप बसतो खरा, पण जेवत नाय नीट. आणि जरा चाललो की दमतो."

या आईंना आम्ही दोष देऊ शकलो नाही, कारण भीती आम्हीही पाहिली आहे. नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही एका रुग्णालयात काम करत होतो, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी एक कुटुंब दोन वर्षांच्या मुलाला घेऊन धावत आले. मोठ्या गोटीएवढा उसळणारा चेंडू त्याच्या घशात अडकला होता. घरच्यांनी घाबरून बोट घालून काढायचा प्रयत्न केला आणि चेंडू आणखी आत गेला. वाटेत बराच वेळ गेला होता. ते मूल आमच्या हातून वाचले नाही. त्याच्या आईच्या मुठीत दुसरा तसाच चेंडू होता, जोडीने विकत घेतलेला. तो आजही डोळ्यांसमोर येतो.

तरीही आम्ही सांगतो, चेंडू बंद करू नका. त्या मुलाचा जीव खेळाने घेतला नाही. चुकीच्या मापाच्या चेंडूने आणि घशात अडकल्यावर काय करायचे ते माहीत नसल्याने घेतला. या दोन्ही गोष्टी आपल्याला बदलता येतात.

चेंडू मुलाला काय देतो?

चेंडूइतके स्वस्त आणि इतके काही शिकवणारे दुसरे खेळणे नाही. चेंडू घरंगळतो तेव्हा मुलाचे डोळे त्याच्यामागे फिरतात, मान वळते, हात पुढे येतो. डोळा आणि हात यांची जोडी अशीच जमते. पुढे हीच जोडी पेन्सिल धरायला, फळ्यावरचे वाचून वहीत उतरवायला कामी येते. चेंडू लाथाडताना क्षणभर एका पायावर तोल सांभाळावा लागतो. चेंडू दुसऱ्याला देताना "आता तुझी पाळी" हे समजावे लागते. थांबणे, हरणे, पुन्हा खेळणे या गोष्टी भाषण करून शिकवता येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. 1 ते 4 वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे हालचाल व्हावी आणि 3 वर्षांनंतर त्यातली 60 मिनिटे तरी घाम येईल अशी असावीत, असे त्यात म्हटले आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला मोबाईल-टीव्हीचा पडदा दाखवूच नये, 2 ते 4 वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त नको. आपल्या घरात हा हिशोब उलटा होत चालला आहे का, हे प्रत्येकाने बघावे.

खेळ हा लाड नाही, हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातले 31 वे कलम मुलाच्या विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क मान्य करते. भारताने हा करार 1992 मध्ये स्वीकारला. बंगल्यातल्या मुलाला जेवढा हा हक्क आहे, तेवढाच वाडीतल्या मुलाला आहे.

बांगडीचे माप

कोणता चेंडू लहान मुलाला द्यायचा नाही, हे ओळखायला दुकानदाराला विचारायची गरज नाही. माप आईच्या हातातच आहे. मोठ्या बाईच्या बांगडीतून जो चेंडू आरपार जातो, तो तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती पडता कामा नये. गोट्या, पाकिटातून येणारे उसळते चेंडू, पिंगपाँगचा चेंडू हे सगळे त्यात आले. घरात मोठे भावंड असेल तर त्याचे छोटे चेंडू डब्यात घालून उंच फळीवर ठेवावेत.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवा.

फुगा हा चेंडू नव्हे. फुटलेल्या फुग्याचा रबराचा तुकडा घशाला चिकटतो आणि श्वास अडवतो. वाढदिवसाचे फुगे फुटले की तुकडे लगेच गोळा करा.

उसळला की लाईट लागतो असा चेंडू घेऊ नका. त्याच्या आत चपट्या गोल बॅटरी असतात. अशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आत गंभीर भाजते. गिळल्याची नुसती शंका आली तरी मूल हसते-खेळते आहे म्हणून थांबू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

स्पंजचा चेंडू कुरतडला जात असेल तर तो फेकून द्या. दात येणारे मूल त्याचे तुकडे तोडून गिळते.

खेळणे विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहा. 1 जानेवारी 2021 पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. बाजारात चिन्ह नसलेला माल अजूनही मिळतो, म्हणून पाहून घ्यायचे.

घरचा चेंडू

सगळ्यात चांगला चेंडू फुकट होतो. जुन्या सुती साडीच्या किंवा गोधडीतून उरलेल्या चिंध्या घट्ट गुंडाळा. त्यावर जुना मोजा चढवा, तोंड वळवून पक्के शिवा. बटण, मणी, टिकल्या, लोंबता दोरा काही ठेवू नका. रांगत्या मुलासाठी सोललेल्या नारळाएवढा करा, तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मोसंबीपेक्षा थोडा मोठा. हा चेंडू लागला तर दुखत नाही, कौल फुटत नाही, उताराला फार लांब पळतही नाही. आपल्या डोंगरउतारावरच्या वाड्यांना हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे.

असे दोन चेंडू करा. एक धुऊन वाळत असताना दुसरा खेळात. कोकणातल्या पावसात ओला चेंडू आतून कुजतो, बुरशी धरतो. तो चुलीजवळ शेकत न ठेवता उघडीप मिळेल तेव्हा उन्हात वाळवावा. वास येऊ लागला की नवीन करावा.

माडाच्या पातीचा विणलेला चेंडू आपल्या आजोबांना येत असे. तो मुलांसमोर बसून विणावा, मुले दंग होतात. फक्त पातीतला हीर आधी काढून टाका, तो डोळ्याला लागतो.

वयाप्रमाणे खेळ

*सहा महिने ते एक वर्ष:* मूल पालथे पडून मान उचलू लागले की चेंडू त्याच्यापुढे वीतभर अंतरावर ठेवा. ते हात लांबवेल, पुढे सरकेल. बसू लागले की समोर पाय फाकवून बसा आणि चेंडू हळू घरंगळवा. ते परत ढकलेल तेव्हा त्याचे कौतुक करा. दहा मिनिटे पुरतात. मूल तोंड फिरवू लागले की खेळ संपला.

*एक ते दोन वर्षे:* चेंडू टोपलीत टाकायचा आणि टोपली उपडी करायची. आपल्याला कंटाळा येईल, मुलाला येणार नाही. "चेंडू आजीला दे", "चेंडू उंबऱ्याजवळ ठेव" असे सांगत जा. चालणे आणि भाषा दोन्ही एका खेळात येतात.

*दोन ते तीन वर्षे:* मोठा मऊ चेंडू लाथेने ढकलणे. दोन चपलांमध्ये फाटक करून त्यातून चेंडू घालवणे. या वयात झेल येत नाही, त्यामुळे "झेल, झेल" म्हणून मागे लागू नका. तोंडावर चेंडू बसला की मूल खेळालाच घाबरते.

*तीन ते चार वर्षे:* हातभर अंतरावरून मोठा चेंडू दोन्ही हातांच्या ओंजळीत अलगद टाका. मूल आधी छातीशी कवटाळते, मग हातात धरते. चार वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांना मोठा चेंडू झेलता येऊ लागतो. प्लास्टिकच्या सहा रिकाम्या बाटल्या उभ्या करून चेंडू घरंगळवत पाडणे हाही छान खेळ आहे. किती पडल्या, किती उरल्या हे मोजताना बेरीज-वजाबाकी सुरू होते.

*चार ते सहा वर्षे:* आता लगोरी खेळा, पण दगडांची नको. सात करवंट्या घासून गुळगुळीत करा आणि त्यांची लगोरी रचा. पडली तरी पायाचे बोट ठेचत नाही. नेम लगोरीवर धरायचा, माणसावर नाही. बाद करायचे तर चेंडू घरंगळवून पायाला लावायचा. आबाधुबी मात्र या वयाला नको. त्यात पाठीत चेंडू हाणतात, आणि लहानाला मोठ्याचा जोर सोसत नाही. गोल बसून नाव घेत चेंडू देण्याचा खेळ सर्वांना आवडतो. "हा चेंडू कोणाला?" असे विचारत ज्याचे नाव घ्यायचे त्यालाच तो द्यायचा. नव्याने वाडीत आलेले, न बोलणारे मूलही यात सामील होते.

खेळताना एक निरीक्षणही करा. दीड वर्ष झाले तरी मूल चालत नाही, दोन वर्षांनंतर चेंडूला लाथ मारायचा प्रयत्नच करत नाही, चेंडू एका बाजूने आला तर त्याला दिसतच नाही, नाव घेतले तरी वळत नाही, एकच हात वापरतो आणि दुसरा आखडलेला ठेवतो, असे काही आढळले तर लपवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक अंगणवाडीत येते, त्यांना दाखवा. अंगणवाडीताईकडे पथकाची तारीख विचारा. लवकर कळले तर पुष्कळ सुधारणा होते. आणि अशा मुलाला खेळातून वगळू नका. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी चिंध्यांच्या आत खडे घातलेली घट्ट बंद डबी शिवून टाका. आवाजावरून ते चेंडू शोधेल. अंध खेळाडूंचे क्रिकेट अशाच आवाजाच्या चेंडूने चालते.

चेंडू कुठे जातो, ते आधी बघा

मुलाची नजर चेंडूवर असते, पायाखाली नसते. म्हणून खेळ सुरू करण्यापूर्वी मोठ्या माणसाने जागेवर एक चक्कर मारावी आणि चेंडू सुटला तर कुठे जाईल हे पाहावे.

पोफळी कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. चिपळूण-कराड रस्त्यावर जड वाहनांची ये-जा दिवसरात्र असते. रस्त्याकडे उतार असलेल्या अंगणात चेंडू खेळू नये. खेळायचेच असेल तर चढाच्या बाजूला मूल आणि उताराच्या बाजूला मोठे माणूस अशी रचना ठेवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथल्या भूमिगत वीजगृहातून बाहेर पडणारे कोयनेचे अवजल कोळकेवाडी धरणात जाते, तिथे पुन्हा वीज तयार होते आणि ते पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते. म्हणजे खालच्या अंगाला पाऊस नसतानाही पाणी वाढू शकते. आता कोरडा दिसणारा दगड थोड्या वेळाने पाण्याखाली असतो. मुलांना एकच नियम पाठ करून द्या. चेंडू पाण्यात गेला, चेंडू गेला. तो आणायला कोणीही जायचे नाही, मोठ्या दादानेही नाही. चेंडू हरवला म्हणून मुलाला मारू नका. मार बसेल या भीतीनेच मूल पाण्यात उतरते. कठडा नसलेल्या विहिरीजवळ तर खेळच नको.

तिसरी गोष्ट गडग्याची. जांभ्या दगडाच्या गडग्यात, पेंढ्याच्या ढिगात, पालापाचोळ्यात चेंडू गेला की मूल सरळ हात घालते. तिथेच फुरसे आणि विंचू असतात. फुरसे लहान आणि मातीच्या रंगाचे, चटकन दिसत नाही. चिडले की अंग अंगावर घासून खरखर आवाज करते. चेंडू काठीनेच काढायचा आणि तोही मोठ्या माणसाने. अंधार पडू लागला की खेळ बंद.

साप चावला तर मुलाला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीने स्थिर करा. बांगड्या, पैंजण, करगोटा काढा. घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. प्रतिविष असलेले सरकारी रुग्णालय गाठा. चिपळूणजवळ कामथे येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. लाल विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे असे दिसले तर ते हृदयावर परिणाम होत असल्याचे लक्षण आहे. कोकणात एके काळी यात कित्येक मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यू खूप कमी झाले. उपाय आहे, मात्र मूल वेळेत पोहोचले पाहिजे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात, चिखलात अनवाणी खेळू देऊ नका. पायाला जखम असेल तर मुळीच नको, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्या दिवसांत ओटीवर बाटल्या पाडण्याचा खेळ पुरतो.

घशात अडकले तर

हा भाग कापून भिंतीला लावा.

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले तर एकाने 108 ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने लगेच हे करायचे:

1. एक वर्षाच्या आतले मूल: आपल्या हातावर पालथे घ्या, डोके खाली. पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने 5 थापा द्या. नाही निघाले तर उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी 5 वेळा दाबा.
2. एक वर्षावरचे मूल: पुढे वाकवून पाठीवर 5 थापा. मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत व वर असा 5 वेळा झटका द्या.
3. वस्तू निघेपर्यंत किंवा मूल रडेपर्यंत आलटून पालटून चालू ठेवा. मूल बेशुद्ध झाले तर सपाट जमिनीवर निजवून छाती दाबणे व तोंडाने श्वास देणे सुरू करा.
4. दिसत नसलेल्या वस्तूसाठी बोट घालू नका. पाणी, केळे, भाताचा गोळा भरवू नका. उलटे टांगू नका.

वस्तू निघाली तरी मुलाला डॉक्टरला दाखवून या.

चेंडू किंवा दगड डोक्याला लागून मूल पुन्हा पुन्हा उलट्या करत असेल, झोपाळू होत असेल, झटका आला असेल, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येत असेल तर उद्यावर ढकलू नका. डोळ्याला मार लागला तर चोळू नका, घरचे औषध घालू नका, स्वच्छ कापडाने अलगद झाकून दवाखान्यात न्या.

मुलींच्या हातातला चेंडू

वाडीत फिरताना आम्हाला नेहमी एक चित्र दिसते. मुलगे खेळत असतात आणि सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन बघत उभी असते. "ती सांभाळते" असे आपण कौतुकाने म्हणतो. पण तिचे बालपण कोण सांभाळणार? शिवाय एवढ्या लहान मुलीवर तान्ह्याच्या जिवाची जबाबदारी टाकणे दोघांनाही धोक्याचे आहे. रोज तासभर तरी मोठ्यांपैकी कोणी धाकट्याला घ्यावे आणि तिला खेळायला सोडावे. बापांनीही ही पाळी घ्यावी. चेंडू घरंगळवायला वेगळी ताकद लागत नाही.

चेंडूने आपल्या माणसांना काय दिले, हे मुलांना सांगा. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले गोलंदाज. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या मैदानावर कामाला होते आणि सरावासाठी त्यांना गोलंदाजी टाकत. पुढे ते हिंदू संघात गेले. मैदानावर त्यांची गोलंदाजी हवी असे, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने 114 बळी घेतले. त्यांचे भाऊ विठ्ठल पुढे 1923 मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले. 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हाही इतिहास आहे. मतभेद असतील, पण त्या चेंडूने अस्पृश्यतेच्या भिंतीला तडा दिला हे नाकारता येत नाही.

जागा मागा

आम्ही पुष्कळ नियम सांगितले, पण मुळात खेळायला जागा नसेल तर मूल रस्त्यावरच जाणार. म्हणून दोन कामे करा. पहिले, वाडीतल्या विहाराचे किंवा समाजमंदिराचे अंगण रोज संध्याकाळी तासभर लहान मुलांसाठी ठेवा. काचा, तारा, खिळे उचला, भोक असलेल्या कुंपणाला झावळ्या बांधा, आणि दोन मोठ्या माणसांची पाळी लावा. दुसरे, येत्या ग्रामसभेत मुलांच्या खेळाच्या जागेचा विषय लेखी द्या. वस्ती विकासाच्या कामांत रस्ता, गटार, मंदिर याबरोबर विहिरीचा कठडा आणि सपाट केलेले अंगणही मागा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

त्या बैठकीनंतर आम्ही पुन्हा त्या वाडीत गेलो. आजीने दोन चेंडू शिवून ठेवले होते, एक तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा. ज्या आईने चेंडू बंद केला होता, ती अंगणात पाय फाकवून बसली होती आणि दीड वर्षाची मुलगी समोरून चेंडू ढकलत होती. दारात येणाऱ्या प्रत्येक नव्या चेंडूला ती आता आधी बांगडी लावून बघते, असे आजीने सांगितले. तुम्हीही आज घरातले चेंडू गोळा करा आणि बांगडीतून घालून बघा.